लाइट गेली तेवढा वेळ

मैत्रिणींनो, आज मॅच रंगात आली आणि लाइट गेली. हॉलमधली पुरुषमंडळी धावत माझ्या स्वयंपाकघरात. सकाळच्या भजनांपुरता सेल जपून वापरते तो रेडिओ तिथे, देव्हाऱ्याशेजारी असतो ना!

ऐकता ऐकता मी म्हटलं, "पिच स्लो झाला. आता स्पिनर आणूक होयो."

धाकटे दीर हसले. "वयनी, तुका त्यातला काय कळता? चाय टाक बगू!"

माहेरी बाबा रेडिओ लावून मलाच विचारायचे, "गो, आता कोणाक बॉलिंग देवची?"

चहा उकळला, लाइट आली, सगळे हॉलमध्ये पळाले. खरं सांगते, ती आणखी थोडी उशिरा यावी म्हणून मी देवाला विनवत होते. कोणीतरी विचारलं असतं.

तुम्हाला विचारतं का गो कोणी?