झेफची पोलादी झडप

ब्राँक्समधल्या त्या सहा मजली इमारतीची देखभाल करणारा सुपर झेफ मार्कू हिवाळ्यात कुठेही जात नसे. सख्ख्या भावाच्या लग्नाला नाही, की पोरींच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला नाही. त्याची बायको वितोरे शेजारणींना सांगायची, "माझी सवत तळघरात राहते. हत्तीएवढी आहे, आणि तिचे लाड संपता संपत नाहीत!"

सवत म्हणजे बॉयलर. त्याची वाफ नळांतून घराघरांत जाई आणि खोल्या उबदार होत. पंचाईत व्हायची ती बॉयलर थांबला की. नळांतल्या वाफेचं पाणी होई, आत पोकळी पडे, आणि ती पोकळी पाण्याला खाली उतरूच देत नसे. पुन्हा वाफ आली की त्या पाण्यावर आदळे आणि सगळी इमारत दणाणून उठे. अशा वेळी बाहेरची हवा आत घ्यायला एक छोटी झडप लावतात, तिला व्हॅक्यूम ब्रेकर म्हणतात. झेफनेही ती कितीदा लावली, पण नाताळ येईतो प्रत्येक झडप चिकटून बसे. शेवटी चिडून त्याने तिथे साधी तोटी बसवली. बॉयलर थांबला की खाली उतरायचं, तोटी उघडायची, हवा आत गेली की बंद करायची. "माझा हात काही चिकटत नाही," असं तो ऐटीत म्हणे. या ऐटीपायी त्याचे सगळे हिवाळे जिन्यावर गेले.

यंदा जानेवारीत वितोरेच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. ती एवढंच म्हणाली, "मुली येतील. तू इमारत सांभाळ." बोलताना ती पीठ मळत होती आणि तिने वर पाहिलं नाही. झेफला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी जुनी झडप खिशात घालून त्याने नळसामानाचं दुकान गाठलं.

गल्ल्यावरच्या रोझॅनने ती उलटसुलट करून पाहिली. "ही तू वाफेवर लावत होतास? अरे बाबा, ही थंड पाण्याची! आतलं रबर वाफेने करपणारच."

"आटे बरोबर बसत होते."

"विचारलं होतंस कुणाला?"

झेफ अल्बानियाच्या डोंगरातला माणूस. गल्ल्यावर उभं राहून "मला कळत नाही" म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नव्हती. खोक्यातून मापाची वस्तू उचलायची आणि निघायचं, हीच त्याची रीत.

रोझॅनने दुसरी झडप पुढे ठेवली. "हिच्यात रबरच नाही. गोळी पोलादाची, गोळी बसते ती जागाही पोलादाची. जराशा ओढीने उघडते, वाफ आली की मिटते. उभीच लाव, मोठ्या नळाच्या हातभर वर, म्हणजे गाळ साचणार नाही."

"टिकेल किती?"

"तुझ्यापेक्षा जास्त. जा आता."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्याने ती बसवली. बॉयलर थांबला, झडपेने सूं करून हवा ओढली, आणि नंतर वाफ आली तेव्हा नळ गप्प राहिले. पण हे एकदाच झालं होतं. कडाक्याच्या थंडीत ती काय करेल, कोण सांगणार? तरी सकाळी तो स्वच्छ शर्ट घालून दारात उभा राहिला. वितोरे बघतच राहिली.

"आणि माझी ती सवत?"

"बोंबलू दे तिला."

ऑपरेशन नीट पार पडलं. वितोरे शुद्धीवर येत होती आणि झेफचा फोन वाजला. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सेन्योरा ओक्वेंदो. झेफ हलक्या आवाजात दोन शब्द बोलला. फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

"नळ वाजतायत?" वितोरेने क्षीण आवाजात विचारलं.

"नाही. तू कशी आहेस म्हणून विचारत होत्या."

खरं म्हणजे म्हातारी म्हणाली होती, खाली तिसऱ्या मजल्यावर नळ जरासे वाजतायत, तुम्ही याल का? आणि झेफ आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता, "आज नाही. आज मी माझ्या बायकोजवळ आहे."

वितोरेने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं खोटं तिच्यापासून कधी लपलं नव्हतं.

"वाजतायत ना?" ती म्हणाली.

"थोडे."

तिने त्याचा हात घट्ट धरला. तो उठला नाही.