सुकत ठेवलेला कुणगा

आमच्या शेतात दवाखाना उघडलाय, ही बातमी मला वाण्याच्या दुकानात कळली. साखर आणायला गेले होते. दुकानदाराने पुडी बांधता बांधता अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, घरात कोण आजारी आसा? सुयो टोचतत म्हणे तुमच्या कुणग्यात."

"भात आजारी आसा," मी म्हटलं आणि पुडी उचलून चालू लागले.

मला असं तोडून बोलायची सवय आहे. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, तेच ते प्रश्न ऐकून स्वभाव असा झाला, असं मी सांगते. घरचे म्हणतात की स्वभाव आधीपासूनचाच आहे, शाळेला उगाच बोल लावू नये. काही असो, त्या दिवशी तिथे दोन मिनिटं थांबून नीट सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

सुया मात्र खऱ्याच होत्या. आमची जमीन व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खालच्या अंगाला आहे. पावसाळी भात कापून झालं की गाव मिळून व्हाळाला दगडमातीचा बंधारा घालतो. अडवलेलं पाणी पाटाने खाली आणायचं आणि उन्हाळ्यापर्यंत भाताचं दुसरं पीक घ्यायचं. याला आम्ही वायंगण म्हणतो. पाटावर प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते आणि कुणगे, म्हणजे भातशेताचे तुकडे, एकाखाली एक उतरत गेलेले असतात.

तर कृषी विद्यापीठातली एक मुलगी, मूळची दोडामार्गची, या वायंगणावर संशोधन करत होती. शाळेचा पत्ता विचारत ती चुकून आमच्या अंगणात आली आणि चहा होईपर्यंत मला सगळं सांगून बसली. शेतात पाणी साचून राहिलं की खालच्या चिखलाला हवा मिळत नाही. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे मिथेन वायू तयार करतात. तो भाताच्या पोकळ काड्यांतून वर येतो आणि पृथ्वी तापवायला हातभार लावतो. हे मी वर्गात एका वाक्यात उरकत असे. भातशेतीतून मिथेन निघतो, लिहून घ्या, पुढचा मुद्दा. आपल्याच मळ्यातून तो रोज निघतोय हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी आमचा खालचा कुणगा तिथल्या तिथे तिला प्रयोगाला देऊन टाकला.

"माका विचारूक तरी होया होता," आमचे हे म्हणाले. शेती सगळी त्यांच्या हातची, त्यामुळे त्यांचं बरोबर होतं. मी आणखी एक कप चहा दिला आणि विषय मिटवला.

प्रयोग तसा सोपा होता. कुणग्याचे दोन भाग केले. एकात कायम पाणी ठेवायचं, दुसरा मधून मधून सुकू द्यायचा. जमिनीत भोकं पाडलेला एक पाईप उभा पुरला होता. त्यातलं पाणी वीतभर खाली गेलं की पुन्हा भरायचं. सुकलेल्या दिवशी मुलगी दोन्ही भागांत भातावर पारदर्शक पेट्या पालथ्या घाली आणि दर दहा मिनिटांनी पेटीच्या रबरी बुचातून इंजेक्शनच्या सुईने आतली हवा काढून छोट्या बाटल्यांत भरी. काही बाटल्या विद्यापीठात जात, काही परदेशातल्या एका प्रयोगशाळेत, कारण हे काम दोघांनी भागीदारीत घेतलेलं. महिन्यातून एकदा त्यांची बैठक लॅपटॉपवर आमच्या पडवीत भरे. तिकडच्या शास्त्रज्ञाने एकदा विचारलं, पाणी किती खोल असतं? मी म्हटलं, घोट्याएवढं. त्यावर मुलीने माझा घोटा पट्टीने मोजून त्याला आकडा सांगितला.

तिचा जीव या एका हंगामात अडकला होता. निवडलेल्या तीन शेतांपैकी एकात म्हशी शिरल्या, दुसऱ्या शेतकऱ्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं. उरला आमचा कुणगा. भात पोटरीत यायच्या, म्हणजे काडीच्या पोटात कणीस धरायच्या, आत निदान दोन सुकवण्या नीट मोजल्या गेल्या तरच हंगाम धरला जाणार होता. नाहीतर तिची शिष्यवृत्ती संपत होती आणि भागीदार पुढचं काम दुसऱ्या जिल्ह्यात नेणार होते. हे ती मला हसत हसत सांगे. पण प्रत्येक बाटलीचं बूच ती दोन-तीनदा दाबून बघे, ते मला दिसत होतं.

पहिली सुकवणी झकास पार पडली. दुसरीच्या वेळी आमचे हे तोंडवलीला गेले होते. त्यांच्या बहिणीने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि दारं-खिडक्या रंगवायला तिला भाऊच हवा होता. मळा सुकत होता, जमिनीला बारीक भेगा पडल्या होत्या, पाईपातलं पाणी खाली चाललं होतं. मी रोज दोनदा जाऊन बघत होते आणि मनातून खूश होते.

मोजणीच्या सकाळी मुलगी स्कूटरवरून थेट मळ्यात गेली आणि पाच मिनिटांत परत आली. पोटरीपर्यंत चिखल.

"बाई, पाणी," एवढंच म्हणाली.

मी धावत गेले. सुकत ठेवलेल्या भागात पाणी चमकत होतं. मुलगी बांधावर बसली. तिने वही उघडून तारीख लिहिली, आणि पुढे काही लिहीचना. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाणी कुठून आलं ते शोधायला लागलंच नाही. आमच्या वरचा कुणगा माझ्या मोठ्या जावेचा. दोन्हींच्या मधल्या बांधाला, ज्याला आम्ही मेर म्हणतो, मूठभर तोंड कोरलेलं होतं. याच मेरेवरून आठ वर्षांपूर्वी आमचं भांडण झालेलं. दुरुस्तीच्या वेळी ती कोणी कोणाकडे हातभर सरकवली, यावर दोन्ही घरांनी तोंडसुख घेतलं होतं. तेव्हापासून लग्नकार्याच्या पंगतीत "भात वाढू?" आणि "नको", एवढंच आमचं बोलणं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातात चपला घेऊन मी तशीच तिच्या अंगणात गेले. मुलगी मागून येत होती.

जाऊबाई काजूच्या बिया वाळत घालत होत्या.

"वैनी, आमच्या कुणग्यात पाणी कोणी सोडल्यान?"

"मी," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? तुझो कुणगो तडकलो. भावजी धा दिस मळ्यात दिसाक नाय. ह्या चेडू सुयो नि बाटलेयो घेवन येता. दुकानदारान विचारल्यान तर तू सांगतंस, भात आजारी आसा. घरात काय नसताना असा कोण बोलता गो?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भावजींका काय तरी मोठा झालासा वाटला माका. माका सांगूचा नसात तर नको सांगू. पण भातान काय केल्यान?"

हातातल्या चपला मी खाली ठेवल्या. आमच्या पाटावर एक रिवाज आहे, तो मी ऐकून होते. कोणाच्या घरात मोठं आजारपण आलं, सुतक आलं आणि शेताकडे बघायला माणूस उरला नाही, तर वरच्या कुणग्यावाल्याने आपल्या पाळीतलं पाणी खाली सोडायचं. सांगायचं नाही, आणि ज्याला मिळालं त्यानेही विचारायचं नाही. माझा दिवस शाळेत जाई, त्यामुळे हे कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. शेत मुद्दाम सुकवणारा माणूस या पाटाने आजवर पाहिला नव्हता. सुकलेलं शेत म्हणजे घरात संकट, दुसरा अर्थच नाही.

"म्हणजे तुमची पाळी आमका दिलात?" मी विचारलं. "नि तुमचो कुणगो?"

"रवलो सुको ह्या पाळयेक."

भांडायला म्हणून गेलेली मी बियांच्या कडेला बसले. मग सांगून टाकलं की हे ठणठणीत आहेत, तोंडवलीला बहिणीकडे दारं रंगवतायत.

जाऊबाई आधी खो खो हसल्या आणि मग इतक्या चिडल्या की मूठभर बिया माझ्या अंगावर आल्या. "दारां रंगवता! नि मी हय देवाक नारळ बोललंय!"

नारळाचं ऐकून मुलगीही हसली. त्यानंतर मी जाऊबाईंना मिथेन समजावला. वर्गात कधी शिकवलं नसेल इतकं सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चिखलाक वारो व्हयो, असा मगो?" माझ्या तीस वर्षांत एकाही मुलाने इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं.

पण खरी अडचण पुढेच होती. पोटरीला दहा-बारा दिवस होते, तेवढ्यात एक सुकवणी बसवता येत होती. मात्र वरचा कुणगा भरला की मेरेतून पाणी झिरपतं. आमचा भाग वेळेत सुकायचा तर जाऊबाईंनी आपली आणखी एक पाळी सोडायला हवी होती. जिच्या भाताचा घास आधीच माझ्या तोंडाळपणाने काढून घेतला, तिच्याकडे हे कोणत्या तोंडाने मागायचं? मी अंगावरच्या बिया गोळा करत बसले.

मुलीनेच विचारलं. एरवी माझ्याशी शुद्ध पुस्तकी बोलणारी, ती एकदम घरच्या बोलीवर आली. "काकी, आणि एक पाळी तुमचो कुणगो सुको रवलो, तर माझा काम वाचात."

"भात मरात?"

"वीतभर खाली ओल असासर मरूचा नाय. पण लिहून देवूक माका येवचा नाय."

हे शेवटचं वाक्य जाऊबाईंना आवडलं असावं. त्या उठल्या आणि आमच्या पुढे मळ्यात गेल्या. पाईपात वाकून बघितलं. मग आपल्या कुणग्यातलं एक रोप मुळासकट उपटून पाण्यात खळबळलं. मुळं लांब आणि पांढरीशुभ्र होती. त्यांनी ती बोटांवर घेऊन बराच वेळ पाहिली.

"मुळां खाली उतरलीहत," त्या म्हणाल्या. "रवांदे आणि एक पाळी."

त्या संध्याकाळच्या बैठकीत मुलीने भागीदारांना झालेली चूक जशीच्या तशी सांगितली. दुसरी सुकवणी फुकट गेली, शेजारणीने दयेपोटी पाणी दिलं. मी मनात म्हटलं, आता हे लोक गाशा गुंडाळणार. पण तिकडच्या शास्त्रज्ञाने मुलीमार्फत मला विचारलं, तुमच्या गावात असं सुकलेलं शेत बघून किती जण पाणी सोडतील?

"सगळेच," मी म्हटलं.

त्यावर ती मंडळी आपापसांत भराभर बोलायला लागली. मुलीने नंतर मला सांगितलं ते असं. एकेकट्या शेतकऱ्याला शेत सुकवायला शिकवून इथे काही उपयोग नाही, कारण शेजारी ते सुकू देणार नाहीत. पुढच्या वर्षी अख्खा पाट एकत्र घ्यायचा, बंधारा घालताना सगळी घरं जमतात तेव्हाच सुकवणीच्या पाळ्या ठरवायच्या, आणि मोजायचं. अट एकच, हा हंगाम पुरा झाला पाहिजे.

पुढचे नऊ दिवस जाऊबाईंनी मेरेवर पहारा दिला. आता एकाखाली एक असे दोन कुणगे तडकलेले, दोन्ही जावांचे. गावाला वाटलं, संकट सबंध खानदानावर आलंय. वरच्या वाडीतले एक आजोबा तर खोरं घेऊन पोचलेच. जाऊबाई लांबूनच ओरडल्या, "थेंब सोडशात तर बघा! मोजणी चलता!" मग त्यांना खाली बसवून चिखलाच्या वाऱ्याचं सगळं सांगितलं. येईल त्याला सांगितलं. मिथेनला त्या "मितान" म्हणत आणि तो कुणाच्या तरी नात्यातला असल्यासारखा त्याच्याविषयी बोलत. विज्ञानाचा इतका प्रसार माझ्या हातून झाला नाही हे मी कबूल करते, थोडं जळूनच.

नवव्या दिवशी पाईपातलं पाणी वीतभर खाली गेलं. हे तोंडवलीहून आले होते, बोटांना निळा रंग तसाच. मुलीने पेट्या घातल्या, दहा दहा मिनिटांनी सुया भरल्या. शेवटच्या बाटलीचं बूच एकदाच दाबून ती सरळ उभी राहिली.

"झालं, बाई. हंगाम पुरा झाला. आता सोडा पाणी."

पाळी जाऊबाईंची होती. पाटाचं पाणी त्यांच्या कुणग्याच्या तोंडाशी आलं, तसं त्यांनी ते कडेने वळवून मेर कापली आणि आधी आमच्या बाजूला सोडलं.

"वैनी, आदी तुमच्या कुणग्यात जावंदे."

"तुझो पोटरेक इलो. माझो दोन दिस मागे आसा."

भेगांतून पाणी आवाज करत पुढे चाललं होतं. जाऊबाई खोऱ्याने तोंड सारखं करत होत्या, अगदी हात बसलेला असल्यासारख्या. बघता बघता मला पाच वर्षांपूर्वीचं वायंगण आठवलं. माझं ऑपरेशन गोव्याला झालं, हे महिनाभर माझ्या उशाशी होते आणि मळ्यात आमचं कोणी नव्हतं. परत आलो तर भात हिरवंगार उभं. आपली जमीनच ओल धरणारी, असं हे म्हणाले आणि मी ते खरं मानलं. भांडणाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

"वैनी," मी म्हटलं. "माझ्या ऑपरेशनाच्या वर्सा..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पायाखाली बघ गो," त्या म्हणाल्या. "मेर फुटात."