शालनबाईंचा गुरुवार

चाकणजवळच्या शेडमध्ये शालनबाई कॉम्प्युटरपुढे देव पाण्यात घालून बसल्या होत्या. या शेडमध्ये गाड्यांच्या स्प्रिंगा बनत. स्प्रिंग किती भार सोसते हे तपासणारं मशीन या कॉम्प्युटरवर चाले, आणि त्याचा रिपोर्ट जोडल्याशिवाय गाड्यांची कंपनी माल आत घेत नसे. तपासणीचा प्रोग्रॅम करून देणारा माणूस केव्हाच परागंदा झाला होता. तेव्हा शेडचा सगळा जीव जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि हार्ड डिस्क मरायला टेकलेली.

नवरा गेल्यावर शेड बाईंनीच चालवली. दीर म्हणत, जागा गोदामाला भाड्याने द्या, घरी आराम करा. बाईमाणसाच्या आरामाची काळजी सासरच्यांना नेमकी जमिनीपाशीच सुचते. बाईंनी दाद दिली नाही. माल पोचवायला छोटा हत्ती टेम्पो चालवायलाही शिकल्या. पण गेल्या शनिवारी कॉम्प्युटर दिवसभर चालू होईना, डिस्क नुसती टकटक करत राहिली, तेव्हा त्यांचाही धीर सुटला. त्यांनी दिरांना सांगून टाकलं, गुरुवारी संध्याकाळी गोदामवाल्याला घेऊन या.

आणि त्याच संध्याकाळी डिस्क कशीबशी जागी झाली. बाईंनी लगेच मिनलला फोन लावला. काळेवाडीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"काकू, आता तो बंद करूच नका," मिनल म्हणाली. "डिस्क एकदा थांबली की परत फिरेल याचा भरवसा नाही. चालू असतानाच मी सगळं नव्या एसएसडीवर उतरवून घेते, विंडोजसकट. मशीन रिकामं कधी असतं?"

"बेस्तरवारी. सुट्टी असती आमाला."

एमआयडीसीत हयात गेलेल्या माणसाच्या तोंडी सुट्टी म्हटलं की गुरुवारच येतो. ती गुरुवारी का असते, हे मात्र बाई साफ विसरल्या.

गुरुवारी मिनल आली. तिने एसएसडी केबलने जोडली आणि कॉपी सुरू केली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ती निम्म्याच्या थोडी पुढे गेली, आणि डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. यूपीएस पीं पीं करू लागला.

"लाईट गेली?" मिनलने विचारलं.

"बेस्तरवार," एवढंच बाई म्हणाल्या. गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी लाईट काढतात, म्हणून तर सगळ्यांना सुट्टी. आपल्याच हाताने त्यांनी पायावर धोंडा मारून घेतला होता.

"यूपीएस किती वेळ खेचेल?"

"धा मिंटंबी न्हाई. लाईट येती दुपारच्याला."

मिनलचा चेहरा उतरला. मग तिने यूपीएस पुढे ओढून त्याचं झाकण उघडलं. "काकू, छोटा हत्ती दाराशी लावा. त्याची बॅटरी याला जोडून बघू. दोन्ही बारा व्होल्टच्याच आहेत."

"चालंल का?"

"माहीत नाही. मी कधी केलं नाही."

बाईंनी दारातले क्रेट पायाने ढकलले. स्प्रिंगा घरंगळल्या, त्यांच्यावरूनच बाईंनी गाडी मागे घेतली आणि इंजिन चालू ठेवलं. सीटखालची जंपर केबल आली. लालला लाल, काळ्याला काळी. उलटी लागली तर यूपीएस जळणार. मिनलने केबल पुढे नेली, तसं बाईंनी तिचं मनगट धरलं. ठिणगी उडाली. घाईला आलेली पीं पीं पुन्हा संथ झाली.

पण इतका वेळ चालायला तो यूपीएस बनलेलाच नव्हता. तो तापू लागला. बाई पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या. तापलेल्या लेकरालाही त्यांनी एवढा घातला नसेल. जळका वास आला.

"काकू, बंद करूया. आग लागेल."

"पट्टी कुठवर हाय?"

"थोडी राहिलीये."

"मग चालू ऱ्हाऊ दे. तू दाराशी उभी ऱ्हा, मी बसती हितं."

बाई घाबरल्या होत्या, चांगल्याच घाबरल्या होत्या. पण हात थांबला नाही.

अखेर पट्टी भरली. मिनलने कॉम्प्युटर बंद केला, जुनी डिस्क काढून त्या जागी नवी बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. मग विंडोजचं चिन्ह उमटलं आणि तपासणीचा प्रोग्रॅम, जुन्या सगळ्या रिपोर्टांसकट, उघडला.

मिनल हसली, पण बाई हसल्या नाहीत.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "आता मी चालू करती."

मिनलने बंद केला. बाईंनी बोट टेकवलं, क्षणभर तसंच धरलं, मग दाबलं. पदराने कपाळ पुसेपर्यंत प्रोग्रॅम समोर हजर. तेव्हा कुठे त्यांनी फोन उचलला.

"भावजी, संध्याकाळी येऊ नका."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई, मन बदलल्यालं न्हाई. शनवारी भ्याले व्हते, येवढंच."

फोन ठेवून बाई तिथेच सांडलेल्या स्प्रिंगांत बसल्या आणि तोंडाला पदर लावून हमसून रडल्या. मिनल त्यांच्याजवळ बसली आणि एकेक स्प्रिंग उचलून क्रेटमध्ये भरू लागली.