हाताने न पाहिलेली गाठ

त्या वर्षी आमची पलटण हिमाचलात होती. गिर्यारोहण मोहिमेसाठी चौदा जण निवडले गेले, त्यात मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले दोघे. मी, हवालदार शेंडे, लालबर्राचा. दुसरा नाईक मिलिंद मेश्राम, उकव्याचा. त्याचे वडील मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. लालबर्रात उंच म्हणावा असा राइस मिलच्या कोंड्याचा ढीगच, त्यामुळे मी पहाड चढणार हे ऐकून घरचे पोट धरून हसले होते. मिलिंद जंगलातल्या टेकड्यांवर वाढलेला, पायाने हलका. साहेबांनी आम्हाला एका दोरावर जोडले, रेडिओवर आमचे नाव ‘टू’.

बेस कॅम्पवर रोज सहाला फॉल इन, मग दोराचा सराव. कॅप्टनसाहेबांनी एक नियम डोक्यात ठोकून बसवला होता. आपली गाठ आपण मारायची. मग जोडीदाराने ग्लोव्ह काढून ती हाताने ओढून पाहायची आणि मोठ्याने ‘चेक’ म्हणायचे. नुसती डोळ्याने पाहिलेली गाठ पक्की धरायची नाही. मी मिलिंदची गाठ रोज ओढायचो. तो वैतागायचा.

“दादा, गाठीशी लगीन लावता का आता?”

शिखराच्या दिवशी ०५४० वाजता आम्ही कॅम्प टूवर दोर बांधत होतो. वारा भयंकर. माझ्या क्रॅम्पॉनचा, म्हणजे बुटाखालच्या खिळ्यांचा, पट्टा गोठला होता. मिलिंद आपली गाठ मारता मारता थांबला, वाकला आणि माझा पट्टा आवळून दिला. तेवढ्यात रेडिओ बोलला.

“टू, मूव्ह. ओव्हर.”

मी त्याच्या कमरेकडे पाहिले. दोर हार्नेसमध्ये, कमरेच्या पट्ट्यात, गेलेला दिसला. ग्लोव्ह काढायचा कंटाळा आला. खरे सांगायचे तर बोटे गोठतील याची भीती वाटली.

“चेक,” मी म्हणालो.

०९१५ वाजता, उतरताना, तो माझ्या खाली दहा मीटरवर घसरला. मी आइस ॲक्स बर्फात रोवली आणि अंगाखाली दाबून पडलो. दोराला एक झटका बसला. मग काहीच नाही. मी दोर ओढला तर तो सरसर वर आला. त्याच्या टोकाला अर्धीच मारलेली गाठ होती, तीही सुटत आलेली. मी रेडिओ उचलला.

“बेस फॉर टू. कॅज्युअल्टी वन. ओव्हर.”

“बाकीचे सेफ? ओव्हर.”

“सेफ. ओव्हर.”

तो शब्द बोलताना मला माझी किळस आली.

चौकशीत विचारले, “बडी चेक झाला होता?” मी म्हणालो, “झाला होता, सर.” पुढे कोणी काही विचारले नाही.

पार्थिव सहाव्या दिवशी मिळाले. ते घेऊन उकव्याला मीच गेलो. माणसे पार बैहर गावापर्यंत रस्त्याकडेला उभी होती. वंदना झाली, सलामी झाली, आणि लगेच पानटपरीपाशी कुजबुज सुरू झाली. “लढाई नाही, काही नाही. बर्फावर चढाले काहून गेलता?” दुसरा म्हणाला, “अरे, फोटो खिचवाले जातेत.” गावात उभारलेल्या कमानीवर त्याच्या नावाआधी शहीद लिहायचे की नाही यावरही दोन तट पडले. मला एकेकाची गचांडी धरावीशी वाटत होती. पण खरे लपवून बसलेला माणूस कोणाला काय सुनावणार?

संध्याकाळी बाबांनी, मिलिंदच्या वडिलांनी, मला जवळ बसवले. त्यांनी पहाडाचे काहीच विचारले नाही.

“खदानीत शिफ्ट जायच्या पह्यले मी लोखंडी सब्बलीनं छत ठोकून पाह्यचो,” ते म्हणाले. “डोळ्यानं पाहून कोनाले आत सोडलं नाही. त्याची गाठ हातानं पाह्यली होती?”

“हौ, बाबा.”

“मंग तुमचा दोष नाही.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात तीन वर्षे खांद्यावरून उतरला नाही. रिटायर होऊन घरी आलो तरी स्वस्थ बसवेना. गॅसचे बटण पाच पाच वेळा पाहायचो. दार लावायचो, उघडायचो, पुन्हा लावायचो. बायको म्हणायची, “काय शोधून राह्यले जी?” शेवटी एका सकाळी मोटरसायकल काढली आणि उकवा गाठले.

बाबा ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच रिपोर्ट दिला. वेळ, वारा, क्रॅम्पॉनचा पट्टा, काढला नाही तो ग्लोव्ह. “नियम हाताने ओढून ‘चेक’ म्हणायचा होता. मी नुसतंच ‘चेक’ म्हणालो. तुमच्याशी खोटं बोललो.”

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिले.

“तुमच्या बुटाचा पट्टा त्यानंच बांधला?”

“हौ.”

“तसाच होता तो.” त्यांनी गमछ्याने तोंड पुसले. “माफी मी कोठून देऊ? ती त्याच्यापाशी होती.”

मला रडू आले. मी सलाम केला, हेल्मेट चढवले आणि किक मारली. बाबा ओट्यावरून उतरून आले. माझ्या हनुवटीखाली त्यांनी बोटे घातली आणि हेल्मेटचा पट्टा जोरात ओढून पाहिला. तो सैल होता. त्यांनी आवळला, पुन्हा ओढला.

“चेक,” बाबा मोठ्याने म्हणाले. “जा आता.”