हृदयासाठी पाय

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळ. सोलापुरात आयसीयूबाहेर हजर: मी, मैंदर्गीहून आलेले दाजी आणि ताईची धाकटी जाऊ. ताई आत, व्हेंटिलेटरवर.

ताईला शुगर आहे. तरी नेहमीसारखी नवरात्रात अनवाणी राहिली. तळव्यात काटा मोडला, तिनं हळद भरली आणि कुणाला बोलली नाही. अष्टमीला हुडहुडी भरून ताप आला, दसऱ्याला शुद्ध गेली. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं, एवढं मला ठाऊक होतं. मी कामाला लागले. फाइल लावली, पुण्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, अँब्युलन्स खाली उभी केली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "पुण्याला नको, वाटेत दगावतील. आधी पाय घोट्याच्या वर कापावा लागेल."

"हार्टचं दुखणं आन् पाय कापायचा?" दाजी उसळले. "ही कुठली रीत ओ?"

"काका, ब्लॉक दिसत नाही. सगळं हृदयच मंद पडलंय. पायातला जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय, त्यानं स्नायूला थेट मार बसतोय. प्रेशर पडल्यानं त्याला रक्तही पुरत नाही. ताप आहे, नाडी धावतेय. आम्ही प्रेशरसाठी देतोय त्या औषधांचाही ताण त्याच्यावरच. पण ती थांबवली तर प्रेशरच राहणार नाही."

"मग औषधानं पाय बरा करा की!"

"तेवढा वेळ नाही."

जाऊ रडता रडता म्हणाली, "अनवाणी ऱ्हा म्हणून देवीनं सांगितलं व्हतं व्हय? शुगर हाय म्हणून मी किती बोलले."

"तू गप की आता!" दाजी माझ्याकडे वळले. "तू सांग. तू शिकलेली हाईस."

मला हृदयातलं काय कळणार? मी विचारलं, "कापल्यावर हृदय सावरेल?"

"सावरू शकतं. नाही कापलं तर नाही."

मी म्हणाले, "दाजी, सही करा." त्यांनी सही केली.

पाय काढला. अँब्युलन्स परत पाठवली, पुण्याला नको म्हणून कळवलं. संध्याकाळी प्रेशरचं औषध किंचित कमी करता आलं; हृदय तसंच मंद. डॉक्टरबाई वाट बघा म्हणाल्या.

ताई अजून डोळे उघडत नाही. उघडले तर पायाचं तिला सांगायचं आहे. दाजी म्हणतात, तू सांग. मी म्हणते, तुम्ही. ते काम तसंच राहिलंय.