शकुनने दिलेली कलेजी

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत त्याच्याच टेबलाशी बसलो होतो. हृदयविकाराचा झटका... निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तरी चहाला तो रोज इथेच यायचा. आता महिना उलटला, तरी चहाच्या वेळेला मी दाराकडे बघतो.

चंद्रपूरला आम्ही वीस वर्षं एकत्र काढली. फार्मच्या कोंबड्यांच्या मांसात प्रतिजैविकांचा अंश उरलाय का, हे तपासणं आमचं काम. जंतू वाढवलेल्या बशीत कलेजीचा तुकडा ठेवायचा. औषध उरलं असेल तर तुकड्याभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं उमटतं. या कामात प्रभाकर महाखडूस. दोन फेऱ्या केल्याशिवाय अहवालावर सही करायचा नाही. मी त्याला सासू म्हणायचो.

सहा वर्षांपूर्वी तो सिंदेवाहीकडे धाकट्या बहिणीच्या, शकुनच्या गावी गेला. तिने नवाच कोंबडीफार्म टाकला होता. तिच्या घरी कोंबडी कापली की कलेजी पाहुण्याच्या ताटात. याने ती कच्चीच डब्यात मागितली. "वहिनीसाठी नेऊन राह्यला का, दादा?" तिने विचारलं. हा चक्क "हो" म्हणाला. तिने हौसेने डबा भरून दिला आणि दोन दिवसांनी आमच्या बशीत कडं उमटलं. त्याने माझ्यासमोरच तिला फोन लावला. "औषध बंद केल्यावर सात दिवस थांबाचं असते, मंग पक्षी विकाचे. समजत नाई तुले?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मी मायेनं देल्ली कलेजी तू तपासाले टाकली?"

त्यानंतर बोलणं बंद. "खोटं बोललो बे मी. आता कोन्या तोंडानं जाऊ?" असं तो मला म्हणायचा, तिला कधीच म्हणाला नाही. मीही मध्ये पडलो नाही. भावाबहिणीचं आपसात मिटेल, असं वाटलं होतं. त्याची चुटपुट आता जात नाही.

तेरवीनंतर मी शकुनकडे गेलो. ती मला थेट शेडमध्ये घेऊन गेली. भिंतीवर एकाच खिळ्याला सहा वर्षांची कॅलेंडरं अडकवलेली. प्रत्येक बॅचचं औषध बंद केल्याची तारीख, पुढे सात लाल फुल्या आणि त्यानंतरच विक्री. एकही फुली चुकलेली नव्हती. मला तिथेच रडू आलं.

"मंग सांगितलं काऊन नाई त्याले?" मी विचारलं.

ती पदराने वरच्या कॅलेंडरावरची धूळ पुसत राहिली.

"तो येईन तवा दाखवीन म्हनलं होतं, भाऊ..."