बटन बंदच होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर मी बारीकसारीक सगळं सांगते. तुम्हाला सांगते, कारण आमच्या पवनारच्या घरी तुम्ही कधी चहाला बसणार नाही.

आधी एक सांगून टाकते: मला माझं काम येतं. नालवाडीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथून सहसा कुठलं यंत्र मुकं परत जात नाही. सासरी म्हणतात, धाकटीचा हात लागला की मेलेला रेडिओही बोलतो. हे ऐकायला मला आवडायचं. अजूनही आवडतं – खोटं कशाला बोलू?

मामंजींना, माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. काठी धरून ते चार पावलं टाकायचे, पण उठताना आधार लागायचा. त्यांच्यासाठी मी बिनतारी घंटी केली. खाटेशी बटन, आणि मोठ्या जाऊबाईंच्या कमरेच्या पिशवीत डबी. त्यांनी दाबलं की ही वाजणार. सकाळ-संध्याकाळ त्यांचं सगळं जाऊबाईच करायच्या. डबीमुळे दुपारचे दोन तास त्यांना घरामागच्या वावरात जाता येऊ लागलं. त्या दोन तासांनी बाईचा चेहराच बदलला होता.

डबीला चालू-बंद करायचं बटन – वावरात जाताना सुरू करायचं, घरी आल्यावर बंद. आत तीन सेल, आणि ते उतरले की लागणारा छोटा लाल दिवा. सेलांचा जोर किती उरलाय हे सतत पाहायचं तर त्यांच्यावर दोन रेझिस्टर टाकावे लागतात – चांगले दहा-दहा लाख ओहमचे, म्हणजे वीज जवळजवळ जातच नाही. त्या रविवारी माझ्या खणात तसले नव्हते. बाजार बंद. मी हजार ओहमचे टाकले, तेही घाईत डबीच्या बटनाच्या अलीकडे, थेट सेलांवर जोडले. पुढच्या खेपेला बदलू म्हटलं. बदलले का? – नाही. उलट मोठ्या ऐटीत सांगून आले, सहा महिने सेलांकडे बघायचंसुद्धा नाही. दिवा लागलाही असेल पिशवीत. बघणार कोण?

महिन्याभरातच एका दुपारी मामंजी खाटेशी बटन दाबत राहिले, वावरात डबी गप्प. शेवटी एकटेच उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर ओसरीवर बसलं होतं. डबी माझ्या हातात दिली. मी मीटर लावला. डबीचं बटन बंद होतं – तरी सेलांतून वीज चालली होती. कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण मी घातलेलं. कळायला किती वेळ लागणार? मला काम येतं, सांगितलं ना.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "घरी आल्यावर बटन सुरूच राहत असेल."

एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज होती?

जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "राह्यलं असन माह्याच्यानंच. मले कुठं ध्यान राह्यते."

डबी मी नालवाडीला आणली, रेझिस्टर बदलले, आणि सांगितलं – नवे सेल टाकलेत फक्त. तेच सेल मग वर्षावर चालले. घरचे म्हणाले, आता मोठ्या वहिनीला बटन बंद करायची सवय लागली. मी ऐकून घेतलं.

मामंजी पुन्हा चालले नाहीत. दोन वर्षं खाटेवर काढून गेले. डबी कमरेला असायची, पण ती वाजायची वेळच आली नाही, कारण जाऊबाई त्या खाटेपासून हलल्या नाहीत. वावर त्यांनी सोडलं ते सोडलंच. मी भ्याले होते असं म्हणू? भ्याले नव्हते. माझं नाव मला मामंजींच्या हाडापेक्षा, त्या बाईच्या दोन तासांपेक्षा मोठं वाटलं. याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात पवनारला गेले होते. जाऊबाईंनी दुरुस्तीला टॉर्च काढला. सेल वेगळे, रुमालात गाठ मारून.

"काढून ठेवले वं मी," त्या हसत म्हणाल्या. "माही सवय तुले माहीतच हाये."

मी गाठ सोडली, आतली पट्टी घासली, सेल बसवले. टॉर्च लागला.

"तुह्या हाताले गुण हाये, ममता."

मी हो म्हटलं.